पाहिले खरे, पण भेटलो का?

पुनरुत्थानकाळातील तिसरा रविवार
शुभवर्तमान: लूक २४: १३-३५



दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाच्या वाटेला लागले आहेत. अंतर सुमारे अकरा किलोमीटर, म्हणजे चालत अडीच-तीन तासांचे. त्यांना सगळी बातमी ठाऊक आहे. येशूला क्रुसावर कसे खिळले, कबर रिकामी कशी सापडली, स्त्रियांनी येऊन काय सांगितले, हे सारे ते वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला क्रमवार सांगतात. बातमीत काही कमी नाही. तरीही त्यांचे चेहरे उतरलेले आहेत आणि पावले यरुशलेमपासून दूर चालली आहेत.

मग तो अनोळखी माणूस बोलू लागतो. मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतची तारणाची कथा तो त्यांना उलगडून सांगतो. ऐकता ऐकता त्यांची अंतःकरणे पेटतात, पण डोळे अजून उघडत नाहीत. ते उघडतात घरात, जेवणाच्या वेळी, जेव्हा तो भाकर घेऊन, आशीर्वाद देऊन, मोडून त्यांच्या हाती देतो. ओळख पटते आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. ते दोघे मात्र हळहळत बसून राहत नाहीत. दिवस कललेला असतानाही उठतात आणि यरुशलेमला, आपल्या भावंडांकडे परततात.

कथा, भाकर आणि परतीची वाट असे हे तीन टप्पे आहेत. ते मनात ठेवून आज आपण एका नव्या साधनाकडे पाहू या. १९६७ सालापासून ख्रिस्तसभा पेंटेकॉस्टच्या आदल्या रविवारी जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळते. २०२६ सालच्या या दिनासाठी पोप लिओ चौदावे यांनी मानवी आवाज आणि मानवी चेहरे यांचे जतन हा विषय निवडला. आज आवाज आणि चेहरे यंत्रातून आपल्या घरात येत आहेत. त्यांपैकी सर्वांत जवळ येणारे, अगदी डोळ्यांना चिकटून बसणारे यंत्र म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, मराठीत आभासी वास्तव.

हे साधन आहे तरी काय?

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जत्रेत पेटीला डोळे लावून चित्रे पाहिली असतील. काहींच्या घरी व्ह्यू-मास्टर असेल. मूळ कल्पना तीच आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळी दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि आपल्याला खोली जाणवते. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हेच तत्त्व वापरून दोन सपाट चित्रांतून खोलीचा भास निर्माण करून दाखवला.

पुढे १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. आता तेच यंत्र जाडजूड चष्म्याएवढे झाले आहे. आपण मान वळवली की त्यातील सूक्ष्म उपकरणांना ते कळते आणि चित्रही त्या दिशेने वळते. हे डोळ्याचे पाते लवण्यापेक्षाही लवकर व्हावे लागते. थोडा उशीर झाला तरी डोके गरगरते आणि मळमळते. म्हणजे आपले शरीर सहज फसत नाही. परमेश्वराने ते तसे घडवले आहे.

सिनेमापेक्षा हे वेगळे कसे? सिनेमात दिग्दर्शक दाखवील तेवढेच आपण पाहतो. इथे चौकट नाही. समोर, मागे, वर, खाली कोठेही पाहावे. कथा सांगणाऱ्याला आपली मान धरून वळवता येत नाही. मागून एखादा आवाज देऊन, कोणाला तरी चालत आणून तो आपले लक्ष वेधतो. आपण कथेच्या बाहेर खुर्चीत बसलेले नसतो, कथेच्या मधोमध उभे असतो. या साधनाचे बळ इथेच आहे.

सिद्राची गोष्ट

२०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघासाठी 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' नावाचा एक लघुपट या पद्धतीने तयार झाला. गाबो अरोरा आणि क्रिस मिल्क हे त्याचे दिग्दर्शक. लांबी जेमतेम साडेआठ मिनिटे. सीरियातील युद्धामुळे घर सोडून आलेली बारा वर्षांची सिद्रा आपल्याला जॉर्डनमधील झातारी छावणी दाखवते. तिथे त्या काळी ऐंशी हजारांच्या आसपास निर्वासित राहत होते. ती आपली शाळा दाखवते, रोटी भाजण्याची भट्टी दाखवते, फुटबॉल खेळणारी मुले दाखवते. एका दृश्यात मुलांचा घोळका आपल्याभोवती जमतो. आपण खाली पाहिले तर पायांखाली त्याच छावणीची जमीन दिसते.

त्या वर्षी जानेवारीत दाव्होस येथे जगातील धनिक आणि सत्ताधारी जमले असताना हा लघुपट त्यांना दाखवण्यात आला. पुढे युनिसेफने मदतनिधी गोळा करताना त्याचा उपयोग केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने आपल्या वाचकांना पुठ्ठ्याचे दहा लाखांहून अधिक चष्मे घरपोच पाठवले. युद्धामुळे विस्थापित झालेल्या तीन मुलांची कथा वाचकांनी त्यांतून पाहावी, हा हेतू होता.

२०१७ साली कान चित्रपट महोत्सवात मेक्सिकोचे दिग्दर्शक अलेहान्द्रो इन्यारितू यांनी 'कार्ने इ आरेना' सादर केले. प्रेक्षक एका वेळी एकच. आधी त्याला एका थंडगार खोलीत बसवतात. तिथे वाळवंटात सापडलेले, सीमा ओलांडू पाहणाऱ्या स्थलांतरितांचे जोडे पडलेले असतात. तो आपले बूट-मोजे काढतो आणि अनवाणी वाळूवर उभा राहतो. मग साडेसहा मिनिटे तो मेक्सिकोहून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या माणसांबरोबर असतो, अंधारात, पोलिसांच्या दिव्यांच्या झोतात. बाहेर पडताना त्याला त्या खऱ्या माणसांचे चेहरे आणि त्यांच्या कहाण्या दिसतात.

हे सारे चांगले की वाईट? घाई करू नये. ज्यांना कोणी पाहत नव्हते त्यांच्याकडे या साधनाने लोकांना पाहायला लावले, हे चांगलेच आहे. दाव्होसला कितीतरी अहवाल आणि आकडे पोहोचले असतील. पण कथा पोहोचते तिथे आकडे पोहोचत नाहीत. प्रभूनेही आपल्याला आकडे दिले नाहीत, दाखले दिले.

आपल्या पूर्वजांनी काय केले?

जिथे आपण नाही तिथे मनाने उभे राहणे, ही कल्पना ख्रिस्तसभेला परकी नाही.

१२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. खरे गवत, खरा बैल, खरे गाढव. मशाली घेऊन आलेल्या गावकऱ्यांना त्या रात्री बेथलेहेम आपल्या डोंगरात आल्यासारखे वाटले. आज आपण घरोघरी नाताळचा गोठा करतो, ती याच रात्रीची आठवण आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्डिनो काइमी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने उत्तर इटलीतील वराल्लोच्या डोंगरावर एक नवे यरुशलेम उभारायला घेतले. खऱ्या यरुशलेमची यात्रा लांबची, खर्चाची आणि जिवावरची होती. गरिबांनी काय करावे? त्यांच्यासाठी डोंगरावर एकामागून एक कपेले बांधली गेली. आत माणसाच्या उंचीच्या मूर्ती आणि भिंतींवर चित्रे. भाविक चालत चालत प्रभूचे सारे जीवन पाहत जाई. युनेस्कोने २००३ साली अशा पवित्र डोंगरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपण उपवासकाळात करतो ती क्रुसाची वाटही याच जातीची. चौदा थांब्यांत यरुशलेम आपल्या देवळात येते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत आणखी सोपी रीत शिकवली. शुभवर्तमानातील प्रसंग वाचावा आणि डोळे मिटून त्या ठिकाणी जावे. रस्ता पाहावा, माणसांचे बोलणे ऐकावे, त्यांच्यात आपणही उभे राहावे. यंत्र नको, वीज नको. आणि आपल्या मायमराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून हीच सेवा केली. सुमारे अकरा हजार ओव्यांतून त्यांनी तारणाची कथा इथल्या माणसाच्या कानात आणि मनात उतरवली.

संत क्लारा यांची गोष्ट तर या विषयाला अगदी लागू पडते. आजारपणामुळे त्यांना नाताळच्या मध्यरात्री देवळात जाता आले नाही. परंपरा सांगते की अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना देवळातील सर्व उपासना दिसली आणि ऐकू आली. म्हणूनच १९५८ साली पोप पायस बारावे यांनी त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

तेव्हा नवे साधन दिसले की ख्रिस्तसभा दार लावून घेते, हे खरे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनने संत पीटर महामंदिराची संपूर्ण डिजिटल प्रतिकृती सादर केली. त्यासाठी चार लाखांहून अधिक छायाचित्रे घेण्यात आली. रोमला जाणे ज्याला कधीच शक्य होणार नाही, तोही आता ते मंदिर आतून पाहू शकतो. २०१६ साली येशूच्या जीवनावर या पद्धतीने केलेला एक चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात अंशतः दाखवला गेला. तो इटलीतील मातेरा या प्राचीन गावात चित्रित झाला होता. अम्माऊसच्या वाटेवरील पहिला टप्पा, म्हणजे कथा, हे साधन पार पाडू शकते. अंतःकरण पेटवू शकते. त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानू या.

पण कथा संपल्यावर काय?

भला शोमरोनी ही कथा आपल्याला पाठ आहे (लूक १०: २५-३७). ती पुन्हा बारकाईने वाचू या. जखमी माणसाला किती जणांनी पाहिले? तिघांनीही. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघे सारखेच. फरक पुढे पडला. शोमरोन्याला कळवळा आला, तो जवळ गेला, त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्याला बसवून उताराशाळेत नेले आणि पदरचे दोन दीनार मोजले. शेजारी होण्याला खर्च येतो. वेळ जातो, पैसा जातो, कपड्यांना रक्त लागते.

आभासी वास्तवातील धोका नेमका हाच आहे. आपल्याला जवळ गेल्यासारखे वाटते आणि काहीच खर्च होत नाही. सिद्रा आपल्या डोळ्यांत पाहून बोलते, असे वाटते. खरे म्हणजे ती कॅमेऱ्याकडे पाहत होती. आपण तिला पाहिले, तिने आपल्याला पाहिलेच नाही. आपण रडलो, हे तिला कळले नाही. साडेआठ मिनिटांनी आपण यंत्र उतरवून ठेवतो. तिला ती छावणी उतरवून ठेवता येत नव्हती.

या साधनाला सहानुभूतीचे यंत्र म्हणणारे लोक आहेत. क्रिस मिल्क यांनीच २०१५ साली ही कल्पना मांडली. पण पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने २०१७ साली त्यावर आक्षेप घेतला. निर्वासिताचे दुःख केवळ त्याच्या डोळ्यांसमोरच्या दृश्यात नसते. उद्याची शाश्वती नसणे, घरी परतता न येणे, ही भीती महिनोन् महिने सोबत असते. हवे तेव्हा बाहेर पडता येणाऱ्याला ती कशी कळावी? बंधू-भगिनींनो, हा आक्षेप आपल्याला शुभवर्तमानाच्या जवळचा वाटतो. परमेश्वराने आपले दुःख स्वर्गातून नुसते पाहिले नाही. शब्द देही झाला. तो आपल्यात येऊन राहिला, तेहतीस वर्षे राहिला, आणि क्रुसावरून उतरून दाखव असे लोकांनी हिणवले तरी उतरला नाही.

भाकर हाती द्यावी लागते

अम्माऊसचा दुसरा टप्पा भाकरीचा आहे. इथे यंत्राची मर्यादा स्पष्ट होते. २००२ साली व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम परिषदेने इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की आभासी वास्तव हे पवित्र ख्रिस्तशरीरातील प्रभूच्या खऱ्या उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. संस्कार इंटरनेटवरून मिळत नाहीत. स्नानसंस्काराला पाणी लागते, अभ्यंगाला तेल आणि धर्मगुरूचा हात लागतो, मिस्साबलीला भाकर, द्राक्षारस आणि एकत्र जमलेले लोक लागतात.

२०२० सालच्या टाळेबंदीत हे आपण सगळ्यांनी अनुभवले. देवळे बंद होती आणि मिस्सा मोबाइलवर आली. तिने कितीतरी घरांना धीर दिला. पण १७ एप्रिल २०२० रोजीच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी सावध केले की ही संकटातील वाट आहे. लोकांपासून आणि संस्कारांपासून तुटलेली, केवळ पडद्यावरची जवळीक म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे. ज्यांच्या प्रियजनांचा अंत्यविधी त्या दिवसांत पडद्यावर पाहावा लागला, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पडदा नसता तर तेवढेही दर्शन झाले नसते. आणि तरीही मूठभर माती देता आली नाही, याची सल आजही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आजारपणामुळे किंवा वयामुळे जे आजही घरूनच मिस्सा पाहतात, त्यांच्याविषयी हे बोलणे नाही. त्यांनी संत क्लाराची आठवण ठेवावी आणि मन छोटे करू नये. उलट आपण इतरांनी त्यांच्याकडे जायचे आहे. पवित्र ख्रिस्तशरीर त्यांच्या घरी जाते, तसे आपणही जायला हवे.

परतीची वाट

तिसरा टप्पा आपल्या पायांवर अवलंबून आहे. येशू दिसेनासा झाला तेव्हा त्या दोघांना तो अनुभव पुन्हा पुन्हा पाहत बसायचा मोह झाला नाही. ते उठले आणि माणसांकडे गेले. कोणत्याही कथेची, कोणत्याही साधनाची परीक्षा हीच. ती ऐकून, पाहून झाल्यावर आपण उठतो का? आणि कोणाकडे जातो?

आपल्या धर्मग्रामासाठी याचा अर्थ काय, ते थोडक्यात पाहू या.

पहिली गोष्ट तरुणांसाठी. हे यंत्र डोळ्यांवर चढवलेला माणूस घरात असतो, पण घरच्यांना दिसत असूनही भेटत नाही. म्हणून त्याचा उपयोग एकट्यासाठी करण्याऐवजी दुसऱ्यासाठी करा. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींना यरुशलेमची वाट किंवा संत पीटर महामंदिर दाखवता येईल. त्यांना चक्कर येणार नाही, हे आधी पाहा. थोडाच वेळ दाखवा, जवळ बसा, हात धरा. आणि यंत्र काढल्यावर निघून जाऊ नका. त्यांनी काय पाहिले ते त्यांना सांगू द्या. बहुधा त्या यरुशलेमबद्दल दोन वाक्ये बोलतील आणि आपल्या माहेरच्या देवळाबद्दल तासभर. तो तास ऐकणे हीच खरी सेवा.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. मुलांना असे यंत्र देण्यापूर्वी कंपनीने घालून दिलेली वयोमर्यादा वाचा. मूल आत काय पाहते, कोणाशी बोलते, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते बंद खोलीत नको आणि वेळ ठरवून द्या. पण नुसते हिसकावून घेऊन भागणार नाही. त्या जागी काय देणार? २०२० सालच्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी निर्गमच्या पुस्तकाचा आधार घेऊन कथा सांगण्याचे महत्त्व सांगितले होते. परमेश्वराने केलेली कृत्ये मुला-नातवंडांना सांगायची असतात. आजोबांनी विहीर कशी खोदली, आजीने कर्ज कसे फेडले, संकटात देवाने कसे सावरले, या कथा आपल्या घरात कोण सांगतो? जेवणाच्या टेबलावर गोष्ट नसेल तर मूल ती यंत्रात शोधणारच.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. आपल्यातील कितीतरी कुटुंबांतील मुले परदेशी आहेत, काही जहाजांवर आहेत. पडद्यावर त्यांचे चेहरे दिसतात, ही मोठी कृपा आहे. मात्र त्यांचे आई-वडील इथे आहेत, आपल्या गल्लीत. मुलाला ते रोज पाहतात, पण औषधाची बाटली उघडून द्यायला कोणी नसते. फिलिपने नथनेलला युक्तिवाद ऐकवला नाही, येऊन पाहायला सांगितले. प्रभूला भेटायला आपल्यालाही त्या घराच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे. अर्धा तास बसावे. मोबाइल खिशात ठेवावा. त्यांच्या आयुष्यातील एक कथा ऐकावी, त्यांच्याबरोबर काहीतरी खावे आणि घरी येऊन मुलांना ते सांगावे. म्हणजे कथा, भाकर आणि परतीची वाट हे तिन्ही टप्पे पूर्ण होतील.

पुढील रविवारी मिस्साबलीत आपण शांतीचे चिन्ह देऊ, तेव्हा ज्यांचा हात हाती घ्यायचा राहून गेला ते कोण, याचा आपण विचार करू या.

प्रार्थना करू या:

हे प्रभो येशू, तू अनोळखी होऊन आमच्याबरोबर चालतोस. माणसाच्या बुद्धीने घडवलेल्या प्रत्येक साधनाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. दूरच्या दुःखाने आमचे डोळे ओले होतात, तेव्हा आमचे पायही हलू दे. पडद्यावरचा चेहरा पाहताना शेजारचा चेहरा विसरू देऊ नकोस. भाकर मोडताना आम्ही तुला ओळखावे आणि उठून भावंडांकडे जावे, असे कर. जे एकटे आहेत, जे आजारी आहेत, जे घरापासून तुटले आहेत, त्यांच्याबरोबर मुक्काम कर, कारण त्यांचा दिवस कलला आहे. आमेन.